लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा – २६ सप्टेंबर, १९५६, पुणे) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराचे उत्पादक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या व्यवसायाचा आरंभ मात्र उत्पादनातून झाला नाही. बेळगाव येथे परदेशी सायकलींची विक्री आणि दुरुस्ती करणारे दुकान हा त्यांचा पहिला उद्योग होता. विकलेल्या यंत्राची जबाबदारी विक्रीनंतरही विक्रेत्यावर राहते, हा या दुकानातील अनुभव पुढे त्यांच्या नांगर, पंप आणि इंजिनांच्या व्यवसायातही उपयोगी पडला. भारतातील वाहन व यंत्र विक्रेत्यांच्या व्यवसायाच्या इतिहासात हे दुकान आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानता येते.

सुरुवातीचे जीवन

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, हे पुढे त्यांचे व्यवसायातील भागीदार झाले. दुसरे बंधू वासुदेवराव हे डॉक्टर होते. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडतोड करून ती पुन्हा जोडणे यांकडे त्यांचा ओढा होता. घराण्यात व्यापार किंवा कारागिरी यांची परंपरा नव्हती. त्यामुळे मुलाने हातात अवजार घ्यावे, ही कल्पना त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबाला सहज रुचण्यासारखी नव्हती.

मुंबईतील शिक्षण व अध्यापन

इ.स. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगछटांमधील फरक त्यांना ओळखता येत नसे, त्यामुळे रंगचित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. यंत्रांच्या आकृत्या काढण्यात रंगज्ञानाची अडचण नव्हती, म्हणून त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास सुरू ठेवला. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते या विषयाचे शिक्षक झाले.

संस्थेच्या कार्यशाळेत त्यांना लेथ, ओतकाम आणि जोडकाम जवळून पाहता आले. अध्यापनाखेरीज उरलेल्या वेळात ते यंत्रे दुरुस्त करण्याची कामे घेत. औपचारिक अभियांत्रिकी पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचे बहुतेक ज्ञान बिघडलेली यंत्रे उघडून, त्यांचे भाग मोजून आणि परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचून मिळवलेले होते. संस्थेत बढतीची जागा निघाली तेव्हा अनुभव असूनही त्यांना डावलून ती दुसऱ्या व्यक्तीस देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगाव येथील सायकलविक्री

पार्श्वभूमी

आजच्या स्वरूपाची, दोन्ही चाके सारख्या आकाराची सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तयार झाली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकल हे वाहन झपाट्याने लोकप्रिय झाले. भारतात ती सर्वस्वी आयात केली जात असे. मुंबईत एका गृहस्थाला सायकलवरून जाताना पाहून लक्ष्मणरावांना या वाहनाविषयी कुतूहल वाटले. त्यांनी सायकल मिळवली, ती चालवण्यास ते शिकले आणि तिची रचनाही समजून घेतली.

मुंबईत नोकरी चालू असतानाच त्यांनी रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगाव येथे सायकलींची एजन्सी सुरू केली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. दुकानावर किर्लोस्कर बंधू या अर्थाची इंग्रजी पाटी होती. पुढे तेच नाव कंपनीला मिळाले. किर्लोस्कर उद्योगसमूह १८८८ हे आपले स्थापनावर्ष मानतो. हे दुकान ज्या रस्त्यावर होते, तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

विक्री आणि शिकवणी

त्या काळी एका सायकलची किंमत ७०० ते १,००० रुपयांपर्यंत असे. सामान्य कारकुनाचा किंवा शिक्षकाचा मासिक पगार दोन आकड्यांत असण्याचा तो काळ होता. त्यामुळे ग्राहकवर्ग अत्यंत मर्यादित होता. ज्याला परवडत असे त्यालाही हे वाहन चालवता येत नसे. म्हणून किर्लोस्कर बंधू सायकल चालवण्यास शिकवत आणि त्यासाठी १५ रुपये शुल्क घेत. शिकवणीमुळे दुकानाला उत्पन्न मिळे आणि ग्राहकही तयार होत. सायकल चालवता येऊ लागलेला मनुष्यच ती विकत घेण्याचा विचार करू शकत होता.

दुरुस्तीचे महत्त्व

आयात मालाच्या विक्रीत एक मूलभूत अडचण होती. सायकलचा निर्माता इंग्लंडमध्ये असे, तर पंक्चर, तुटलेली साखळी, झिजलेले छर्रे किंवा वाकलेले चाक यांची तक्रार बेळगावच्या दुकानात येत असे. सुटा भाग परदेशातून मागवायचा तर पत्र जाऊन माल बोटीने येईपर्यंत बराच काळ जात असे. तोपर्यंत महागडे वाहन निरुपयोगी होऊन पडे. अशा वेळी ग्राहकाच्या लेखी दोष कारखान्याचा नसून विक्रेत्याचा ठरे. बेळगावसारख्या लहान शहरात ग्राहक मोजके आणि एकमेकांच्या परिचयाचे असत. एका असमाधानी ग्राहकाचे मत इतरांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नसे.

लक्ष्मणराव स्वतः यंत्रज्ञ असल्यामुळे या अडचणीवर त्यांच्याकडे उपाय होता. दुकानाला जोडूनच दुरुस्तीचे काम चालत असे. बिघाड ओळखणे, भाग सरळ करणे आणि शक्य असेल तेथे तो नव्याने घडवणे ही कामे जागेवरच होत. त्यामुळे हे दुकान सायकलविक्रीचे केंद्र असण्याबरोबर सायकल दुरुस्तीचे केंद्रही होते. उपलब्ध चरित्रात्मक माहितीत या दुकानाचा उल्लेख कधी विक्रीचे, तर कधी दुरुस्तीचे दुकान असा येतो, त्याचे कारण हेच आहे.

एजन्सी व्यवसायाचे अर्थकारण

एजन्सीच्या व्यवसायात विक्रेत्याला दोन प्रकारचे उत्पन्न मिळते. पहिले वाहन विकताना, खरेदी व विक्री किमतीतील फरकातून मिळते. ते एकदाच आणि अनियमितपणे मिळते, त्यासाठी भांडवल गुंतून पडते आणि स्पर्धा वाढली की ते कमी होते. दुसरे उत्पन्न दुरुस्ती, देखभाल व सुटे भाग यांतून मिळते. प्रत्येक वेळची रक्कम लहान असली, तरी वाहन वापरात असेपर्यंत ती येत राहते. १९ व्या शतकाच्या अखेरीस जगभर सायकलींच्या किमती उतरू लागल्या आणि विक्रेत्यांची संख्या वाढली. अशा परिस्थितीत नुसत्या विक्रीवर अवलंबून असलेल्या दुकानापेक्षा दुरुस्तीचे कौशल्य असलेले दुकान अधिक टिकाऊ ठरते.

या व्यवस्थेत हितसंबंधांचा एक विरोधही दडलेला असतो. दुरुस्तीवर विक्रेत्याची कमाई होते, तर वाहन जितके कमी बिघडेल तितका ग्राहकाचा लाभ होतो. कोणता भाग खरोखर बदलण्याची गरज आहे हे ग्राहकाला कळत नाही, त्यामुळे त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. हा विश्वास एकदा गेला की ग्राहक पुढची खरेदी दुसरीकडे करतो. दुरुस्तीतील तात्पुरता नफा आणि दुकानाची दीर्घकालीन पत यांचा मेळ घालण्याचा प्रश्न सायकलीच्या दुकानापासून आजच्या मोटारींच्या अधिकृत सेवा केंद्रांपर्यंत सारखाच राहिला आहे.

विक्रेत्यापासून उत्पादकाकडे

नोकरी सोडून आल्यानंतर लक्ष्मणरावांनी सायकलींबरोबर पवनचक्क्यांसारख्या इतर आयात यंत्रांचीही विक्री केली. मात्र दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला मालाची रचना, दर्जा आणि किंमत यांपैकी कशावरही अधिकार नसतो. एजंट मालाविषयी ग्राहकाला उत्तर देण्यास बांधलेला असतो, परंतु मालात सुधारणा करणे त्याच्या हाती नसते. लक्ष्मणराव हळूहळू स्वतःच्या उत्पादनाकडे वळले.

त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन कडबा कापण्याचे यंत्र हे होते. गुरांपुढे अखंड कडबा टाकल्यास त्याचा बराच भाग वाया जातो. बारीक कापून दिल्यास तो पुरा खाल्ला जातो. यानंतर त्यांनी लोखंडी नांगर तयार करण्याचे ठरवले. १९०३ च्या सुमारास त्यांचा पहिला नांगर तयार झाला.

नांगर विकणे तो घडवण्यापेक्षा कठीण ठरले. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरत आले होते. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज अनेकांमध्ये होता. पहिले काही नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. शेतात प्रत्यक्ष नांगरट करून दाखवणे हाच शंकानिरसनाचा मार्ग होता. सायकल विकण्यापूर्वी ती चालवायला शिकवावी लागत असे, तसेच नांगराच्या बाबतीतही घडले.

बाजारात इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे नांगर उपलब्ध होते. त्यांच्याशी स्पर्धा करताना किंमत कमी ठेवणे पुरेसे नव्हते. नांगराचा फाळ हा सतत झिजणारा भाग आहे. ओतीव लोखंड साच्यातच त्वरित थंड केल्यास त्याचा पृष्ठभाग कठीण होतो आणि फाळ अधिक टिकतो. हे तंत्र नीट साधले नाही, तर फाळ मऊ राहून लवकर बोथट होतो. शिवाय झिजलेला फाळ बदलण्यासाठी नवा फाळ पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत जवळच्या बाजारात मिळणे आवश्यक असते. हंगाम टळल्यानंतर आलेला सुटा भाग शेतकऱ्याच्या उपयोगाचा नसतो. देशातच कारखाना असलेल्या उत्पादकाला या ठिकाणी परदेशी कंपनीपेक्षा स्वाभाविक फायदा होता.

किर्लोस्करवाडी

व्यवसाय स्थिर होत असतानाच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. नव्या जागेचा आणि भांडवलाचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा बांधकामाच्या निमित्ताने परिचय झाला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलाप्रेमी होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील सुमारे ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे कर्ज लक्ष्मणरावांना दिले.

१० मार्च, १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. ही जागा आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. तेव्हा ती निवडुंग आणि दगडधोंडे यांनी भरलेली होती. पाणी दुर्मिळ होते आणि सापांचा उपद्रव होता. पुणे–मिरज रेल्वेमार्ग जवळून जात असल्यामुळे कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि तयार नांगर दूरच्या विक्रेत्यांकडे पाठवणे मात्र सोयीचे होते.

रामूअण्णांनी वसाहतीची उभारणी व व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर आणि के.के. कुलकर्णी हे आरंभीच्या काळातील प्रमुख सहकारी होते. यांपैकी बहुतेकांना प्रस्थापित अर्थाने यंत्रशिक्षण मिळालेले नव्हते. लक्ष्मणराव पदवीपेक्षा हातातील कौशल्य पाहून माणसे निवडत. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा यांची टंचाई निर्माण झाल्याने उत्पादन चालू ठेवणे कठीण झाले. युद्धानंतर, १५ जानेवारी, १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली.

विक्रेते, सुटे भाग आणि किर्लोस्कर खबर

बेळगावात लक्ष्मणराव दुसऱ्याच्या मालाचे एजंट होते. किर्लोस्करवाडीत ही भूमिका उलटली. आता ते उत्पादक होते आणि त्यांचा माल गावोगावचे एजंट विकत होते. पूर्वी इंग्लंडमधील कारखान्याचे नाव बेळगावच्या दुकानदाराच्या वागणुकीवर अवलंबून होते. आता किर्लोस्कर हे नाव दूरच्या विक्रेत्यांच्या हाती होते. शेतकऱ्याचा संबंध कारखान्याशी क्वचितच येत असे. त्याला नांगर दाखवणारा, जोडून देणारा, फाळ विकणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस म्हणजे बाजारपेठेतील विक्रेता.

कारखाना, विक्रेते आणि ग्राहक यांच्यातील अंतर कमी करण्याच्या प्रयत्नातून १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू झाले. त्याचे संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे होते. शंकररावांचे शिक्षण चित्रकलेचे होते आणि कंपनीच्या प्रसिद्धीचे कामही ते पाहत. आरंभी या अंकाचे स्वरूप कारखान्याचे वार्तापत्र असे होते. कामगार, विक्रेते आणि ग्राहक यांना उत्पादनांची व कारखान्यातील घडामोडींची माहिती त्यातून दिली जात असे. पुढे त्याचे किर्लोस्कर मासिकात रूपांतर झाले. त्यानंतर १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. मराठी समाजात आधुनिक विचारांचा प्रसार करणाऱ्या नियतकालिकांमध्ये या तिघांची गणना होते. नांगर विकणाऱ्या कारखान्याचे माहितीपत्रक हा त्यांचा उगम होता.

पंप, इंजिने आणि पुणे

नांगरानंतर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि लोखंडी रहाट अशी शेतीला उपयोगी उत्पादने किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. याच सुमारास कंपनीने पाण्याचे पंप आणि डिझेल इंजिने यांच्या निर्मितीकडे लक्ष वळवले.

या बदलामुळे विक्रीनंतरच्या सेवेचे स्वरूप पालटले. नांगर हे साधे अवजार होते, त्याचा फाळ गावचा लोहारही बदलू शकत होता. इंजिनाच्या बाबतीत तसे नव्हते. इंधनाचा पंप, झडपा, दट्ट्या आणि त्यावरील कडी यांसाठी प्रशिक्षित कारागीर आणि अचूक मापाचे सुटे भाग लागत. विहिरीवर बसवलेले इंजिन उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहिले, तर उभे पीक वाळून जाण्याचा धोका असे. मोट सोडून इंजिन घेणारा शेतकरी बहुधा कर्ज काढूनच ते घेत असे. त्यामुळे दुरुस्ती वेळेवर होणे हा त्याच्यासाठी सोयीचा नव्हे, तर उपजीविकेचा प्रश्न होता. यंत्र विकणाऱ्याकडे कारागीर आणि सुट्या भागांचा साठा असणे ही विक्रीची पूर्वअटच झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर समूहाचा विस्तार अनेक ठिकाणी झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रसामग्री तयार करणारी कंपनी स्थापन झाली. १९४६ मध्ये बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यातील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या सुरू झाल्या. पुण्यातील कंपनीचे नेतृत्व शंतनुरावांकडे होते. या कारखान्यामुळे समूहाचे केंद्र हळूहळू किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे सरकले. पुणे शहर तोपर्यंत प्रामुख्याने शिक्षणसंस्था, सरकारी कचेऱ्या आणि लष्करी छावण्यांसाठी ओळखले जात असे. तेथे अवजड अभियांत्रिकी उद्योग रुजवणाऱ्या आरंभीच्या कारखान्यांमध्ये खडकीच्या या कारखान्याचा समावेश होतो.

सामाजिक दृष्टिकोन

किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या नियोजित औद्योगिक वसाहतींपैकी एक होती. कामगारांसाठी घरे, शाळा, ग्रंथालय आणि दवाखाना यांची सोय तेथे करण्यात आली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांचा विरोध होता. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींना त्यांनी कामावर घेतले आणि पहाऱ्यासारखी विश्वासाची कामे त्यांच्याकडे सोपवली. हा प्रयोग त्या काळी धाडसाचा समजला गेला.

लक्ष्मणराव मितभाषी होते आणि भाषणे देण्यापेक्षा कार्यशाळेत राहणे पसंत करीत. चुकलेल्या ओतकामाचा तुकडा हातात घेऊन चूक कोठे झाली हे शोधणे, ही त्यांची शिकवण्याची रीत होती. मालाच्या दर्जाविषयीचा त्यांचा आग्रह आणि कामगारांशी असलेले घरोब्याचे संबंध यांचा उल्लेख त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून केला आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, वसाहतीचे व्यवस्थापन कुटुंबप्रमुखाच्या पद्धतीने चालत असे. घर, नोकरी आणि सार्वजनिक जीवन या तिन्ही बाबतींत कामगार एकाच संस्थेवर अवलंबून होता, ही या प्रकारच्या औद्योगिक वसाहतींची सर्वसाधारण मर्यादा येथेही होती.

इ.स. १९४८ ची जाळपोळ

३० जानेवारी, १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जमावाच्या जाळपोळीत सापडला आणि मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जवळजवळ ४ दशकांच्या श्रमातून उभे राहिलेले काम एका दिवसात उद्ध्वस्त झाले होते. कारखाना तेथेच पुन्हा उभा करण्यात आला आणि उत्पादन पूर्ववत सुरू झाले.

अखेरची वर्षे व निधन

उतारवयात लक्ष्मणरावांनी कारखान्यांचे दैनंदिन व्यवस्थापन पुढील पिढीकडे सोपवले. त्यांचे पुत्र शंतनुराव पुण्यातील, तर रवी किर्लोस्कर बंगळूर येथील उद्योग सांभाळत होते. २६ सप्टेंबर, १९५६ रोजी पुणे येथे वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

वारसा

लक्ष्मणरावांच्या पश्चात पुण्यातील किर्लोस्कर उद्योगांचा मोठा विस्तार झाला. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स या कंपन्या स्थापन झाल्या. १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला. १९६० च्या दशकात पुणे–पिंपरी परिसरात वाहन उद्योगही वाढला आणि हा भाग देशातील प्रमुख वाहननिर्मिती केंद्र बनला. यंत्रकाम जाणणारे मनुष्यबळ आणि सुट्या भागांचे पुरवठादार येथे उपलब्ध होते. त्यामागे आधीच्या पिढीतील अभियांत्रिकी कारखान्यांचा वाटा होता.

बेळगावच्या सायकल एजन्सीचा धागा पुढे मोटारींच्या व्यवसायाशीही जोडला गेला. १९९७ मध्ये जपानची टोयोटा कंपनी आणि किर्लोस्कर समूह यांच्या भागीदारीतून बंगळूरजवळील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. तिच्या स्थापनेत लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांचा प्रमुख सहभाग होता. परदेशी वाहनांचे विक्रेते म्हणून सुरू झालेल्या घराण्याची चौथी पिढी अशा रीतीने देशभरातील अधिकृत विक्रेत्यांमार्फत मोटारी विकणाऱ्या कंपनीची भागीदार झाली.

अधिकृत विक्रेता, सुटे भाग आणि ग्राहकाचा विश्वास यांचा परस्परसंबंध आजही वादाचा विषय आहे. २५ ऑगस्ट, २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादक कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी लागणारी तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवता अधिकृत विक्रेत्यांपुरती मर्यादित ठेवली जाते, हा या निर्णयातील मुख्य आक्षेप होता. या आदेशाला पुढे कायदेशीर आव्हान देण्यात आले. विकलेल्या वाहनाची दुरुस्ती कोणी करावी, तिचा लाभ कोणाला मिळावा आणि दोषाचे उत्तर कोणी द्यावे, हे त्यातील प्रश्न बेळगावच्या सायकलविक्रीतही लहान प्रमाणात उपस्थित होते. लक्ष्मणरावांच्या काळात भाग दुर्मिळ असत ते अंतरामुळे. आधुनिक काळात ही दुर्मिळता करारांमुळेही निर्माण होऊ शकते, हा यातील महत्त्वाचा फरक आहे.

सन्मान आणि स्मारके

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून, १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.
कुंडल रोड रेल्वे स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी असे करण्यात आले.
पुण्यातील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या कारखान्यालगतच्या रस्त्यास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव देण्यात आले आहे.
पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील लकाकी या निवासस्थानाचे नाव लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर या नावाच्या आद्याक्षरांवरून तयार झाले आहे. त्यावरून तेथील रस्ताही लकाकी रोड म्हणून ओळखला जातो.

हेही पाहा

शंतनुराव किर्लोस्कर
शंकरराव किर्लोस्कर
किर्लोस्करवाडी
औंध संस्थान
किर्लोस्कर (मासिक)